दोनच जागा, बाकी सगळे घरचे

"मी डक!"

लेस्टरच्या ग्रेस रोड ग्राउंडवर शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी मला मारलेली ही पहिली हाक. मी मनातल्या मनात सॉलिड भडकले. अहो, डोंबिवलीची पोरगी आहे मी! डक म्हणजे शून्यावर आऊट, एवढं तर आमच्या सोसायटीतल्या दुसरीतल्या पोरालाही कळतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे सांगितलं तर माझी ज्युनिअर खुर्चीवरून पडेपर्यंत हसली. त्या भागात 'मी डक' म्हणजे आपल्याकडचं 'काय गं बाळा'. बस ड्रायव्हर म्हणतो, भाजीवाली म्हणते, कुणीही म्हणतं. असो. गैरसमज दूर झाला आणि पुढचे दोन सीझन मी त्याच आजोबांच्या शेजारी बसले.

आता प्रश्न असा की, एचआरमध्ये काम करणारी, ऑफसाइड आणि लेगसाइड यात अजूनही गडबडणारी मी काउंटी क्रिकेटच्या नादाला लागलेच कशी? दोष बाबांचा. आणि थोडा अजिंक्य रहाणेचा.

माझ्या कंपनीने मला जानेवारी २०२४ मध्ये ऐरोलीच्या ऑफिसातून दोन वर्षांसाठी लेस्टरला पाठवलं. काम तेच, माणसं शोधायची. पदनाम मात्र भारी, टॅलेंट अ‍ॅक्विझिशन वगैरे. त्या उन्हाळ्यात बाबांचा फोन. "अगं, आपला अजिंक्य आलाय तुझ्या गावात! आणि तू घरात बसून काय करतेस?" रहाणे डोंबिवलीत वाढला, किट घेऊन लोकलने मुंबईला प्रॅक्टिसला जायचा, ही आमच्याकडे घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट. त्याच प्लॅटफॉर्मवर मीही दहा वर्षं धक्के खाल्लेत. म्हणजे गाववालाच की! मी तिकीट काढलं.

आणि तिथे मला पहिला धक्का बसला. रहाणे लेस्टरशायरचा पहिला चॉइस नव्हताच! दक्षिण आफ्रिकेच्या वियान मल्डरला त्याच्या देशाचं बोलावणं आलं, म्हणून रिकाम्या झालेल्या जागेवर रहाणे आला. त्याआधी २०२३ साठीही क्लबने त्याला घेतलं होतं, पण त्याने विश्रांती हवी म्हणून तो सीझन सोडला. म्हणजे ऑफर लेटर दिलं, कँडिडेट जॉइन झालाच नाही, वर्षभराने दुसऱ्या कुणीतरी ब्रेक घेतला तेव्हा तोच कँडिडेट आला. बॉस, हे तर माझंच ऑफिस!

"यात नवीन काय?" आजोबा म्हणाले. "तुमचा तो लहानगा तेंडुलकर १९९२ मध्ये यॉर्कशायरला आला, तोही जखमी मॅकडरमॉटच्या जागी." हे सांगताना ते थर्मासमधून चहा ओतत होते. आयुष्यभर लेस्टरच्या होजिअरी कारखान्यात काम केलेला माणूस. हातात एक जुनी वही. वहीच्या शेवटच्या पानावर दरवर्षी एकच मथळा, 'पुढच्या सीझनला काय हवं'. क्लबने त्यांना कधी विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हता. तरी ते लिहायचे.

त्या पानाने मला माझ्या नोकरीबद्दल जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही ट्रेनिंग प्रोग्रॅमने शिकवलं नाही.

आधी थोडं गणित समजून घ्या. इंग्लंड-वेल्समध्ये १८ फर्स्ट क्लास काउंट्या. चॅम्पियनशिपच्या वरच्या डिव्हिजनमध्ये १०, खालच्या ८. दरवर्षी दोन वर जातात, दोन खाली येतात. एप्रिलच्या गारठ्यात सुरू होऊन सप्टेंबरअखेर संपणाऱ्या सीझनमध्ये चार-चार दिवसांच्या १४ मॅचेस, मध्ये टी-ट्वेंटी, ऑगस्टमध्ये वन-डे कप. आणि चॅम्पियनशिपच्या अकरा जणांत परदेशी खेळाडू फक्त दोन. पूर्वी कोल्पाक नावाची एक पळवाट होती. त्यातून दक्षिण आफ्रिकेचे वगैरे खेळाडू परदेशी न मोजता खेळायचे. ब्रेक्झिटनंतर, २०२० च्या अखेरीस ती बंद झाली. आता परदेशी म्हणजे परदेशी. त्याला व्हिसा हवा, व्हिसासाठी इंग्लिश बोर्डाचं एन्डॉर्समेंट हवं, आणि आपला खेळाडू असेल तर बीसीसीआयचं ना-हरकत पत्रही हवं.

दोन जागा. मग कोणाला घ्यायचं? सोप्पं आहे, बाजारात असलेल्यांतला बेस्ट! मी हेच म्हटलं. आजोबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला शाळेतल्या गणिताच्या बाई आठवल्या.

"बेस्ट कधी?" त्यांनी विचारलं. "एप्रिलमध्ये बेस्ट, की ऑगस्टमध्ये?"

त्यांच्या वहीत खेळाडूंची नावं नंतर यायची, आधी महिने यायचे. एप्रिल-मेमध्ये आयपीएल, त्यामुळे भारतातले बहुतेक मोठे खेळाडू मिळत नाहीत. चेतेश्वर पुजारा २०२२ मध्ये आयपीएलच्या बाहेर राहिला, म्हणून तर तो एप्रिलपासून ससेक्सला मिळाला आणि त्याने ८ मॅचेसमध्ये १०९ च्या सरासरीने हजारावर रन्स काढल्या. "आणि ससेक्स कितवं आलं?" आजोबांनी विचारलं. मला काय माहीत! आठ टीम्समध्ये सातवं. एका खुर्चीवर सोन्याचा माणूस बसवला, बाकीची बस रिकामीच. "आणि आठवे कोण, विचार की," ते म्हणाले. आठवे हेच, लेस्टरशायर!

मग ऑगस्ट. 'द हंड्रेड' सुरू झाली की प्रत्येक काउंटीतले फटकेबाज तिकडे जातात आणि वन-डे कप खेळायला उरतात पोरंसोरं. मग इंग्लंडचं बोलावणं. लेस्टरशायरचा लेगस्पिनर रेहान अहमद किंवा पावणेसात फुटांच्या आसपास उंच असा डावखुरा जॉश हल, हे चांगले खेळले की इंग्लंडला हवे होणार. म्हणजे तुमचा माणूस जितका चांगला, तितका तो तुमच्याकडे कमी दिवस. बॉलचंही असंच. २०२४ आणि २०२५ मध्ये चॅम्पियनशिपच्या चार फेऱ्या नेहमीच्या ड्यूक्सऐवजी कुकाबुरा बॉलने खेळवल्या. कुकाबुराची शिवण लवकर बसते, स्विंग लवकर जातो. मग एप्रिलमध्ये ड्यूक्स हलवून विकेट्स काढणारा बॉलर त्या आठवड्यांत अर्धाच उरतो.

म्हणजे क्लबला 'एक फास्ट बॉलर हवा' असं नसतंच. हवा असतो तो 'मे महिन्यात जेव्हा हे दोघं दमलेले असतील आणि बॉल मऊ असेल तेव्हा दिवसाला वीस ओव्हर्स टाकणारा'. आम्ही मात्र काय लिहितो? 'डायनॅमिक, सेल्फ-मोटिव्हेटेड, टीम प्लेयर हवा.' शी!

अजून एक दुखणं, आणि हे दुखणं छोट्या कंपनीत नोकरी केलेल्या प्रत्येकाला कळेल. लेस्टरशायर ही गरीब काउंटी. उत्तरेला तासाभरावर नॉटिंगहॅमशायर, ट्रेंट ब्रिजचं मोठं ग्राउंड, मोठा पैसा. स्टुअर्ट ब्रॉड लेस्टरशायरमध्ये घडला आणि तिकडे गेला. हॅरी गर्नी गेला. जेम्स टेलर गेला. इकडे पोरगं वाढवायचं, शिकवायचं, पहिली संधी द्यायची आणि ते वयात आलं की शेजारच्याने न्यायचं! २०१३ आणि २०१४ अशी सलग दोन वर्षं या टीमने चॅम्पियनशिपमध्ये एकही मॅच जिंकली नव्हती. आजोबा तेव्हाही येऊन बसायचे. "दर वर्षी वहीत काय लिहायचात?" मी विचारलं. "अकरा माणसं," ते म्हणाले.

आता माझी गोष्ट.

सप्टेंबर २०२५. लेस्टरशायरने कमाल केली होती. रेहानने तर जुलैत डर्बीशायरविरुद्ध एकाच मॅचमध्ये शतक आणि १३ विकेट्स असा पराक्रम केला होता, वय वर्षं वीस! ऑस्ट्रेलियाचा पीटर हँड्सकॉम्ब कॅप्टन. टीम डिव्हिजन टूमध्ये पहिली आली आणि २००३ मध्ये खाली घसरल्यानंतर पहिल्यांदा वरच्या डिव्हिजनमध्ये पोचली. ग्रेस रोडवर म्हातारे लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. इंग्लिश लोक, मिठ्या! बाबांना व्हिडिओ पाठवला तर म्हणाले, "अगं, हे आपल्यासारखेच आहेत की."

आणि त्याच आठवड्यात माझ्या बॉसची मेल. पुढच्या वर्षीचा हेडकाउंट प्लॅन शुक्रवारपर्यंत हवा. प्रत्येक पोस्टसमोर एक शब्द लिहायचा, 'ठेवा' किंवा 'सोडा'. आणि सोबत कारण.

टीममध्ये सहा जण. पाच ओळी मी अर्ध्या तासात भरल्या. सहावी ओळ माझी होती.

जानेवारी २०२६ मध्ये माझी दोन वर्षं संपत होती. मुदत वाढवायची तर 'हे काम इथलं कुणी करू शकत नाही' असं दाखवायला हवं होतं. आणि सांगू? मला राहायचं होतं. अगदी मनापासून. पौंडात पगार होता. डोंबिवलीत आई-बाबांसाठी बुक केलेल्या टू-बीएचकेचे हप्ते त्यावर चालले होते. बेलग्रेव्ह रोडवरच्या खोलीची सवय झाली होती, खालच्या मजल्यावरच्या गुजराती बा मला दर एकादशीला फराळाचं पाठवायच्या. आणि घरी गेल्यावर पहिला प्रश्न कुठला येणार हे काय मला माहीत नव्हतं? 'परत पाठवलं का गं?'

अडचण एकच. माझी ज्युनिअर. लेस्टरमध्येच जन्मलेली, कॉलेजमधून थेट आमच्याकडे आलेली. पहिल्या महिन्यात तिला मेल लिहिता येत नव्हती. मी तिला बसवून शिकवलं, कँडिडेटशी कसं बोलायचं, नाही कसं म्हणायचं, मॅनेजरने मागितलेल्या दहा गोष्टींतल्या खऱ्या गरजेच्या दोन कशा ओळखायच्या. दीड वर्षात ती तयार झाली होती. खरं सांगायचं तर काही बाबतीत माझ्यापेक्षा सरस.

गुरुवारी रात्री मी तिच्या ओळीत लिहिलं, 'अजून एक वर्ष सीनिअरच्या हाताखाली असणं आवश्यक.' किती साधं वाक्य! कुणीही प्रश्न विचारला नसता. त्या एका वाक्यात माझा व्हिसा होता, फ्लॅटचे हप्ते होते, सगळं होतं. मी फाइल सेव्ह केली. पाठवली नाही, झोपही आली नाही.

शुक्रवारी सुट्टी टाकून ग्रेस रोडला गेले. खेळाकडे लक्ष नव्हतं. आजोबांनी वही पुढे केली. या वर्षीचं पान पूर्ण भरलं होतं. वरच्या डिव्हिजनसाठी काय हवं? एक ओपनर, ज्याला एप्रिलच्या ओल्या विकेटवर एक तास नुसतं टिकता येईल. दोन फास्ट बॉलर्स, नाव नसले तरी चालतील, पण गुडघे धड हवेत. रेहानला इंग्लंडने नेलं तर स्पिनर कोण? आणि सगळ्यात खाली, परदेशी खेळाडूच्या रकान्यात, एक मोठं प्रश्नचिन्ह.

"इथे नाव का नाही?" मी विचारलं. "सगळ्यात आधी तर हेच भरायला हवं ना? आता वर खेळायचंय, मोठा माणूस आणा!"

"हे सगळ्यात शेवटी भरायचं," ते म्हणाले. "घरात काय आहे ते बघून झाल्यावर."

मग त्यांनी मला २०२३ च्या वन-डे कपची फायनल सांगितली. ट्रेंट ब्रिजवर, हॅम्पशायरविरुद्ध. फायनलच्या आधी हँड्सकॉम्ब ऑस्ट्रेलियाला परत गेलेला. त्याच्या जागी हॅरी स्विंडल्स, लेस्टरचाच पोरगा, विकेटकीपर, त्या स्पर्धेतली त्याची ती पहिलीच मॅच. शंभरच्या आत सहा विकेट्स गेल्यावर हा आला आणि नाबाद ११७ काढून गेला. शेवटच्या ओव्हरमध्ये हॅम्पशायरला हव्या होत्या आठ रन्स, बॉल दिला एकोणीस वर्षांच्या जॉश हलला. पाचच दिल्या. लेस्टरशायर दोन रन्सनी जिंकलं.

"म्हणजे परदेशी खेळाडू नकोतच?" माझा आवाज जरा चढला असणार, कारण पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं.

"छे! हँड्सकॉम्ब नसता तर या पोरांना बॅटिंग करायला शिकवलं कुणी असतं? तुमच्या त्या रहाणेने २०२४ मध्ये कार्डिफला शतक काढलं, ते ड्रेसिंग रूममधल्या पोरांनी बसून बघितलंच ना? परदेशी हवाच. पण एक लक्षात ठेव. तो आला की घरचा एक जण बाकावर बसतो. बसवायला हरकत नाही. पण का बसवलं, हे त्याच्या डोळ्यांत बघून सांगता आलं पाहिजे."

त्यांना माझ्या फाइलबद्दल काहीच माहीत नव्हतं. ते क्रिकेटबद्दलच बोलत होते. मी मात्र थर्मासच्या झाकणातला चहा हातात धरून गप्प बसून राहिले. ज्युनिअरच्या डोळ्यांत बघून मला काय सांगता आलं असतं? 'तू तयार आहेस, पण माझे हप्ते बाकी आहेत'?

संध्याकाळी पाचला, अगदी डेडलाइनवर, मी ते वाक्य खोडलं. तिच्यासमोर लिहिलं, 'ठेवा. सीनिअर पोस्टसाठी तयार.' माझ्यासमोर लिहिलं, 'सोडा. ज्या कामासाठी आणलं ते पूर्ण झालं.' आणि पाठवलं. मग बेसिनचा नळ सोडून मनसोक्त रडले. उगाच मोठेपणा सांगत नाही. त्या रात्री मला अजिबात महान वगैरे वाटलं नाही. मूर्ख वाटलं.

बॉसने वाचून फोन केला. "खात्री आहे?" एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. खरं तर तेव्हा त्याने 'थांब' म्हणावं असं फार वाटत होतं. तो म्हणाला नाही. चांगल्या कॅप्टनसारखा त्याने माझा शब्द खरा मानला.

जानेवारीत परत आले. सगळं छान छान झालं असं मुळीच नाही. पगार रुपयांत आला, हप्त्यांची मुदत वाढवून घ्यावी लागली. सकाळच्या लोकलने पहिल्याच आठवड्यात ओढणीचा निकाल लावला. आणि 'परत पाठवलं का गं?' हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे जिन्यातच आला, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडून. बाबांनी माझ्या आधी उत्तर दिलं, "नाही हो. सीझन संपला तिचा."

इथे ऐरोलीत आता मीच प्लॅन बनवते. कुणी मॅनेजर येऊन म्हणाला की बाहेरून एक भारी माणूस आणू या, तर मी तीन प्रश्न विचारते. भोक नक्की कुठे आहे? कुठल्या महिन्यांत आहे? आणि तो आल्यावर बाकावर कोण बसणार, हे त्या माणसाला कोण सांगणार? तिसऱ्या प्रश्नाला निम्मे मॅनेजर लॅपटॉप बंद करून उठतात. उरलेल्यांना मी माणूस शोधून देते, मनापासून. कारण बाहेरून आलेल्या माणसाची किंमत मला चांगली ठाऊक आहे. दोन वर्षं मीच तर होते ती!

परवा ज्युनिअरची मेल आली. आता ज्युनिअर म्हणायचं बंद करायला हवं, पण सवय जात नाही. तिला पहिल्यांदाच स्वतः प्लॅन करायचा होता. सहापैकी पाच ओळी भरल्या होत्या. सहावी रिकामी. 'ही शेवटी भरू ना?' असं विचारलं होतं.

मी लिहिलं, 'हो. घरात काय आहे ते बघून झाल्यावर.'

तिचं दोन शब्दांचं उत्तर मिनिटभरात आलं. लोकलमध्ये उभ्याने वाचलं आणि मी एकटीच हसले.

'थँक्स, मी डक.'